गच्चीवरची गळती

वैशाखात स्वेटर घालून बसलेली माणसं नागपुरात दोनच ठिकाणी सापडायची. एक हिवतापाच्या वॉर्डात, आणि दुसरी वर्धा रोडवरच्या निर्झर टॉवरमध्ये. बाहेर डांबर चपलेला चिकटायचं, कुत्री गटाराच्या ओलीला पोट टेकवून पडायची, आणि आत काचेच्या दारापलीकडे रिसेप्शनवरची मुलगी शालीत हात गुंडाळून आल्यागेल्याचं स्वागत करायची. एकदा कुणीतरी तक्रार केली की फार गार होतंय. त्यावर व्यवस्थापनाने उपाय काढला. निर्झरचं चिन्ह छापलेली एकेक शाल सगळ्या मजल्यांवर वाटली. थंडी कमी करावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आलं होतं, ते फक्त पल्लवी गावंडेच्या. ती या इमारतीची पाणी-वीज व्यवस्थापक. पंपांच्या शेजारी, तळघरात तिची खोली. वीस मजल्यांना किती पाणी चढतं, किती वीज लागते, कुठला मोटर-पंप कण्हतोय आणि कुठला नुसतं सोंग करतोय, हे तिला भिंतीला हात लावून कळायचं. नवरा नितीन जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. घरात ती आणि तिची मोठी नणंद, छायाताई. दोघी एकमेकींना धरून होत्या, आणि एकमेकींवर चिडूनही होत्या. एका छपराखाली राहणाऱ्या दोन शहाण्या बायकांचं असंच असतं.

छायाताई याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर, एका विमा कंपनीत कारकून होत्या. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

आता पुढचं कळायला थोडं शास्त्र सांगावं लागेल. घाबरण्यासारखं नाही, सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे.

सकाळी आपण परातभर पोळ्या करतो. किती केल्या ते आपल्याला ठाऊक असतं. पण कुणी किती खाल्ल्या आणि कुणी गुपचूप गाईला घातल्या, ते कळत नाही. इमारतींच्या पाण्याचं तसंच होतं. मीटर सांगायचं, नवव्या मजल्यावर इतकं पाणी गेलं. गेलं कुठे, ते नाही. भूजल आटलं, धरणांनी तळ दाखवला, तेव्हा सरकारने मोठ्या व्यापारी इमारतींसाठी जलजबाबदारी कायदा आणला. ज्या मजल्याने पाणी घेतलं, त्याच मजल्याच्या सांडपाण्यातून ते परत आलं पाहिजे, म्हणजे शुद्ध करून पुन्हा वापरता येईल. आणि परत आलं की नाही हे ओळखायला ‘खूण’ निघाली.

खूण म्हणजे काचेचा एक कण. साध्या डोळ्यांना काय, भिंगालाही दिसणार नाही एवढा. त्याच्या पोटात प्रयोगशाळेत बनवलेल्या डीएनएचा इवलासा धागा. प्रत्येक मजल्याचा धागा निराळा. टाकीतून पाणी त्या मजल्याकडे निघालं की वाटेत चिमूटभर खूण मिसळली जाते. तिला चव नाही, वास नाही. पाणी प्यायलं तर पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. सांडपाण्याच्या प्रत्येक नालीच्या तोंडाशी वाचक बसवलेला असतो, तो धागा वाचतो आणि सांगतो, हे पाणी कुठल्या मजल्याचं.

पल्लवीला हे यंत्र मनापासून आवडलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे साहेबलोक पार्किंगमध्ये रोज गाड्या धुतात हे त्याने पहिल्याच आठवड्यात पकडलं. चौदाव्या मजल्यावरच्या व्यायामशाळेच्या भिंतीत वर्षानुवर्षं मुरत असलेलं पाणी शोधून दिलं. छायाताईंना ती कौतुकाने सांगायची, आणि ताई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, “चांगलं आहे बाप्पा. पाण्याला पण आता आधार कार्ड.”

मग एका सोमवारी त्या यंत्राने नवव्या मजल्याची खूण गेटवर दाखवली.

गेटवर म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेल्या संडासात. तो पहारेकऱ्यांसाठी, ड्रायव्हर लोकांसाठी, पार्सल घेऊन येणाऱ्यांसाठी, सकाळ-संध्याकाळ झाडूपोछा करणाऱ्या बायांसाठी. इमारतीच्या नकाशात ही माणसं ‘रहिवासी’ नव्हती आणि ‘अभ्यागत’ही नव्हती. त्यामुळे त्यांच्यासाठी पिण्याच्या पाण्याची लाइन कुणी आखलीच नव्हती. लॉबीत पाण्याचं मशीन होतं, पण ते भाडेकरूंच्या कार्डावर चालायचं.

अथर्व देशमाने स्वतः खाली तळघरात आला. इमारतीचा ॲसेट हेड, म्हणजे मालकांच्या वतीने सगळा कारभार पाहणारा. तिशीतला, पुण्याहून बदलून आलेला, अतिशय सभ्य. त्याला चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तो सगळ्यांना दिलगिरी व्यक्त करत करत कामावरून काढायचा.

“मॅडम, थोडं ऑकवर्ड आहे,” तो म्हणाला आणि त्याने टॅबलेट पुढे केला.

चित्रात छायाताई होत्या. चाकांची बॅग ओढत लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. पुढच्या चित्रात त्या गेटजवळच्या कडुलिंबाखाली बॅग उघडून बाटल्या काढत होत्या, आणि भोवती घोळका होता.

“रोजचं आहे. दुपारच्या सुट्टीत,” अथर्व म्हणाला. “आडनाव तुमचंच आहे. योगायोग असेल.”

“माझी नणंद आहे.”

“ओह.” त्याने टॅबलेट मागे घेतला. “मला तुमच्याबद्दल खूप आदर आहे मॅडम. म्हणूनच आधी तुमच्याकडे आलो. कायद्यात चुकीच्या जागी गेलेलं पाणी तिप्पट धरतात, तुम्हाला माहीतच आहे. आपले पाच थेंब चार होतील.”

पाच थेंब म्हणजे सरकारी मानचिन्ह. निर्झरच्या दारावर पितळेचे पाच थेंब लावलेले होते आणि ते रोज पुसले जायचे. पुसणारी बाई दिवसभर घरून आणलेल्या एका बाटलीवर भागवायची.

“त्यांनी लेखी माफी मागावी. पाणी अनधिकृतपणे नेलं, पुन्हा नेणार नाही, एवढंच. मी भाडेकरूंच्या कमिटीला सांभाळून घेतो,” अथर्व म्हणाला.

संध्याकाळी पल्लवी घरी पोचली तेव्हा छायाताई गॅलरीत कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवत होत्या.

“ताई, गेटवर पाणी कधीपासून देताय?”

ताईंनी मागे वळून पाहिलं नाही. “पकडलं का तुझ्या मशीनने? हुशार आहे हं.”

“मी विचारतेय कधीपासून.”

“आखाजीपासून.” ताट्या नीट बसल्या, तेव्हा त्या हात पुसत आत आल्या. “अक्षय तृतीयेला नितीनच्या नावाची घागर द्यायची असते ना. दरवर्षी देवळात नेते. यंदा पाय दुखत होता, म्हटलं ऑफिसलाच जाता जाता कुणाला तरी द्यावी. वरूनच भरली, नवव्या मजल्यावर. तिथल्या फिल्टरचं पाणी गोड आहे. तो गेटवरचा भोयर आहे ना, त्याच्या हातात दिली. मला वाटलं ठेवून देईल, घरी नेईल. त्याने तिथेच तोंडाला लावली. अर्धी त्याने संपवली, अर्धी त्या पार्सलवाल्या पोरींनी. आणि मग मला विचारतो, ताई जी, उद्या पण येणार का?”

पल्लवीने पर्स खाली ठेवली.

“घागर एका दिवसाची असते गं, तहान रोजची असते. मग रोज न्यायला लागले.”

“मला सांगायचं नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तुला यंत्रापासून लपवावं लागलं असतं. एका घरात एक चोर पुरे.”

पल्लवीने माफीचं सांगितलं. छायाताईंनी ते ऐकून घेतलं, उठून माठातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “नाही लिहिणार.”

“ताई, दोन महिने राहिलेत. एक ओळ लिहायची आहे.”

“काय लिहू? तहानलेल्याला पाणी दिलं, चुकलं, पुन्हा असं करणार नाही? अशी ओळ लिहायला आमच्या आईने शाळेत घातलं नव्हतं.”

“तुम्हाला वाटतं मी तिथे बसून गंमत पाहतेय. माझी पण नोकरी आहे तिथे. नियम आहेत म्हणून इमारत चालते. प्रत्येकाने आपापल्या मर्जीने पाणी वाटलं तर...”

“तर काय होईल? लोक पाणी पितील.” ताईंचा आवाज चढला नव्हता, पण धार आली होती. “नितीन असता ना, तर त्याने माझी बॅग उचलली असती. तू बॅगेचं वजन करतेयस.”

नितीनचं नाव या घरात भांडणात काढायचं नाही, असा दोघींचा न बोलता झालेला करार होता. तो मोडला. त्या रात्री दोघी आपापल्या ताटात पाहून जेवल्या.

माफी आली नाही, तेव्हा निर्झरच्या सभ्यपणाने आपला रस्ता धरला. छायाताईंचं कार्ड पाण्याच्या नळापुरतं बंद झालं. आणि लिफ्टमधल्या पडद्यावर, जिथे एरवी शेअरबाजार आणि वाढदिवस झळकायचे, तिथे एक ओळ फिरू लागली. जलअपहार: नववा मजला, छाया गावंडे, चौकशी सुरू. ओळीच्या बाजूला एक निळा थेंब रडत असल्याचं चित्र होतं. लोक लिफ्टमध्ये ती ओळ वाचायचे आणि आपल्या बुटांकडे पाहू लागायचे. कुणी कुणी छायाताई शेजारी उभ्या असतानाच वाचायचे.

“वीस वर्षं या बिल्डिंगीत आहे,” ताई एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “आत्ता कुठे लोकांना माझं नाव कळलं.”

बाटल्या बंद झाल्या त्याच आठवड्यात गेटवर सोनाली मेश्राम पडली. बॅटरीच्या स्कूटरवर जेवणाचे डबे पोचवणारी, विशीबाविशीतली मुलगी. सतराव्या मजल्यावर कुणासाठी तरी गार कलिंगडाचा रस आणला होता. वर न्यायची परवानगी यायची होती, म्हणून ती उन्हात उभी होती. परवानगी आली, तेव्हा ती जमिनीवर होती.

पल्लवी पंपाचा आवाज बदलला म्हणून बाहेर पाहायला आली होती. तिने भोयरला धावताना पाहिलं. सोनालीच्या तोंडावर दुपट्टा घट्ट बांधलेला होता, तो सोडला तर ओठ पांढरे पडलेले. खिशात कांदा होता, आईने दिलेला, ऊन लागू नये म्हणून. पल्लवीने आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या कानामागे, मानेवर, तळहातांवर ओतलं. उरलेलं घोट घोट पाजलं.

“लॉबीतलं मशीन आहे ना,” पल्लवी म्हणाली. म्हणताना तिलाच आपला आवाज ऐकवेना.

“ते कार्ड मागते मॅडम,” सोनाली डोळे मिटूनच म्हणाली.

भोयर पन्नाशी उलटलेला माणूस. तो उकिडवा बसून कागदाने वारा घालत होता. “ताई येत होत्या तोवर भागत होतं जी,” तो म्हणाला. “आता मी पोरींना सांगतो, घरून निघतानाच पोटभर पिऊन निघा. पण पोट काय टाकी आहे का?”

कलिंगडाचा रस तिथेच खाली, पिशवीत गार होता. भोयरने पिशवीकडे पाहिलं, सोनालीकडे पाहिलं आणि रस सोनालीच्या हातात दिला. सतराव्या मजल्यावरून तक्रार आली, ती वेगळी.

पल्लवी तळघरात परत गेली नाही. लिफ्टने सरळ गच्चीवर गेली. ती ओळ वाचायला नको म्हणून डोळे मिटून उभी राहिली.

निर्झरच्या गच्चीवर चार शीतक मनोरे आहेत. खोलीएवढ्या पेट्या, वर मोठे पंखे. इमारतीतली सगळी उष्णता चिलरमधून, म्हणजे थंडी करणाऱ्या यंत्रांमधून, पाण्यावर बसून इथे येते. पाणी वरून धारांनी पडतं, पंखा वारा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. बाकीचं गार होऊन तळाच्या हौदात जमतं आणि पुन्हा खाली कामाला लागतं. माठाचंही तसंच. माठ पाझरतो, वारा लागतो, आतलं पाणी गार होतं. फरक एवढाच की माठ एका घराची तहान भागवतो आणि हे मनोरे वीस मजल्यांना शाल पांघरायला लावतात.

उडालेलं पाणी कायद्याच्या हिशेबात नव्हतं. त्याला ‘प्रक्रिया-वापर’ म्हणायचे. ते नालीतून जात नाही, आकाशात जातं. आकाशाच्या तोंडाशी वाचक बसवता येत नाही. म्हणून ते कुणी मोजत नव्हतं.

हौदाकडे पाहता पाहता पल्लवीला एक साधी गोष्ट दिसली. पातेल्यात मिठाचं पाणी उकळत ठेवलं की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. जितकं पाणी उडेल तितकं उरलेलं खारट. या हौदात येणारं पाणी सगळ्या मजल्यांचं शुद्ध केलेलं सांडपाणी होतं, म्हणजे त्यात सगळ्या मजल्यांच्या खुणा होत्या. काच काही वाफ होत नाही. उडालेल्या प्रत्येक थेंबाने आपली खूण हौदात सोडलेली होती.

तिने बाटली बुडवली आणि नमुना स्वतःच्या वाचकाखाली धरला. खुणा इतक्या दाट होत्या की यंत्र आधी चूक समजलं. तिने पुन्हा मोजलं. मग हिशेब मांडला. गेटवरच्या सगळ्या माणसांना वर्षभर पोटभर पुरलं असतं एवढं पाणी गच्ची दोन दिवसांत आकाशाला देत होती. आणि त्यातला मोठा वाटा कशासाठी? तर रिकामं सभागृह वीस अंशांवर तयार ठेवायचं, कधी कुणी आलंच तर. लॉबी अशी गार ठेवायची की आत पाऊल टाकताच पाहुण्याला इमारत महाग वाटावी.

पल्लवी गच्चीवर उन्हात उभी होती आणि तिला संताप आला. तो स्वतःवरचा नव्हता, यंत्रावरचा तर नव्हताच. खूण खरं बोलत होती. तिला प्रश्न एवढाच विचारला होता, की गेटवरची माणसं कुठल्या मजल्याचं पाणी प्यायली ते सांग.

चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसं सुरू व्हायच्या वेळेला ठेवलेली होती. तेच रिकामं सभागृह, आज त्यात भाडेकरू कमिटीची सात-आठ माणसं. सगळ्यांच्या खांद्यावर शाली. छायाताई पहिल्या रांगेत, हातात पर्स धरून, परीक्षेला बसल्यासारख्या.

पल्लवीने आधी आपलं मांडलं. हौदातला नमुना, हिशेब, आणि उपाय. थंडी वीसवरून सव्वीसवर आणा, रिकाम्या खोल्या बंद करा, वाचलेल्या पाण्याच्या बदल्यात गेटला पिण्याच्या पाण्याची एक लाइन द्या. वीजही वाचेल, पाणीही. ती मुद्दाम हळू बोलली.

“एक्सलंट,” अथर्व म्हणाला. त्याला खरंच आवडलं होतं. “फारच छान डेटा आहे. यावर आपण उपसमिती नेमू. पावसाळ्यानंतर पाहू.”

“पावसाळ्यानंतर?”

“आज अजेंड्यावर नववा मजला आहे मॅडम.”

मग सगळे छायाताईंकडे वळले.

“मी दिलं पाणी,” छायाताई म्हणाल्या. “लपवून नाही दिलं. बॅग यासाठी नेली की खांदा दुखतो.”

सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ शाल सारखी करत म्हणाले, “बाई, प्रश्न दोन बाटल्यांचा नाही. तत्त्वाचा आहे.”

“मग तेच द्या ना त्यांना प्यायला. उन्हात बरं पडेल.”

कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. पण निकाल आधीच छापून आलेला होता. छायाताईंचं कार्ड निलंबित. विमा कंपनीने त्यांच्याबाबत योग्य तो निर्णय घ्यावा. अथर्वने मनापासून दिलगिरी व्यक्त केली. त्याने उठून त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

दारात ताई पल्लवीजवळ थांबल्या. “तुझं गच्चीचं भाषण चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “मला अर्धं कळलं, पण यांना पूर्ण कळलं. म्हणूनच पावसाळ्यानंतर.” आणि त्या गेटकडे चालू लागल्या.

पल्लवी तळघरात आली. तिच्या टेबलावर, रोज सकाळी उजळते तशी, हिरवी पट्टी उजळलेली होती. कायद्याने शीतक मनोऱ्यांना लागणारं दिवसाचं पाणी आपोआप सोडता येत नाही. जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः इमारतीत हजर राहून पट्टीवर अंगठा ठेवायचा, मग झडप उघडते. दुसरा अधिकृत अंगठा होता, तो हैदराबादच्या मुख्य कचेरीत. गेली किती वर्षं पल्लवी चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताचा अंगठा टेकवत आली होती. दार लावावं इतक्या सहज.

आज तिने चहा घेतला. अंगठा टेकवला नाही. सर्व्हरच्या मजल्याला वेगळं यंत्र होतं, ते चालू आहे ना, एवढं तिने पाहिलं. जिन्याची सगळी दारं उघडून ठेवायला सांगितली, कुणी कोंडलं जाऊ नये म्हणून. मग खुर्चीत बसली.

काचेची इमारत तापायला वेळ लागत नाही. गच्चीवरचे हौद आटत गेले, चिलर स्वतःला जपायला एकामागून एक थांबले. आधी शाली उतरल्या. मग कोट. मग खिडक्या शोधल्या गेल्या, आणि लोकांना आठवलं की निर्झरला उघडणारी खिडकीच नाही. दुपार व्हायच्या आत निम्मी इमारत जिन्याने उतरून कंपाउंडमध्ये आली आणि भिंतीची, गाड्यांची, कडुलिंबाची सावली धरून उभी राहिली. भोयरच्या शेजारी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी भोयरला पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं.

अथर्व तळघरात आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटलेला होता. तरी तो नम्र होता.

“मॅडम, अंगठा राहिलाय.”

“राहिला नाही. ठेवला नाही.”

“का?”

“गेटला पाणी नाही. गेटला पाणी नसताना मी गच्चीला कसं देऊ? जबाबदार अधिकारी म्हणतात मला.”

“यात तुमचं पद जाऊ शकतं, तुम्हाला कल्पना आहे ना?”

“आहे. त्याची कागदपत्रं करा. हैदराबादचा अंगठा विमानाने यायला संध्याकाळ होईल. तोपर्यंत प्लंबरला बोलवा. माझ्या खोलीबाहेरूनच पिण्याच्या पाण्याचा पाइप जातो, गेटपर्यंत नळी टाकायला दुपार पुरेल.”

त्याने बरेच फोन केले. एका फोनवर तो पहिल्यांदा, अगदी हळू, चिडला. मग प्लंबर आला.

नळ चालू झाला तेव्हा कोट काढलेली माणसं आणि दुपट्टा बांधलेल्या मुली एकाच रांगेत होत्या. रांग कोण लावतंय म्हणून पल्लवीने पाहिलं, तर छायाताई. कार्ड गेलेल्या, पण घरी न गेलेल्या. सहाव्या मजल्यावरचे ते गृहस्थ मधे घुसू पाहत होते.

“मागे या हो,” ताई म्हणाल्या. “तत्त्वाने.”

पल्लवीने खाली जाऊन अंगठा टेकवला. हौद भरू लागले.

संध्याकाळी कूलरसमोर दोघी कैरीचं पन्हं घेऊन बसल्या. भांडणाचं कुणी काढलं नाही. पल्लवी एवढंच म्हणाली, “तुमचं नाव काढून घ्यायचं राहिलं लिफ्टमधून. नळाच्या नादात मागितलंच नाही.”

“नळ महत्त्वाचा होता. नाव राहू दे. दोन दिवसांनी कुणाचा तरी वाढदिवस येईल आणि मी खाली सरकेन.” ताईंनी ग्लास रिकामा केला. मग, कूलरकडे पाहत, “त्या दिवशी बॅगेचं बोलले, ते नको होतं बोलायला.”

“वजन केलंच होतं मी,” पल्लवी म्हणाली. “जड होती.”

दुसऱ्या दिवशी पल्लवी लिफ्टमध्ये शिरली आणि पडद्यावर अथर्व देशमाने होता. गेटच्या नळापाशी उभा, हातात ग्लास, भोयरच्या खांद्यावर हात. भोयर कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता, ग्लासकडे पाहत होता. वर ठळक अक्षरं: सर्वांसाठी पाणी, निर्झरचा पुढाकार. पाण्याचा जबाबदार वापर, हीच आमची ओळख. आणि त्याच चित्राच्या पायाशी, जराही न थांबता, ती ओळ फिरत होती. जलअपहार: छाया गावंडे, कार्ड निलंबित. निळा थेंब रडतच होता.

लिफ्टमध्ये आणखी चौघं होती. तिघं आपल्या बुटांकडे पाहत होती. नवव्या मजल्यावरची एक तरुण मुलगी मात्र पल्लवीकडे पाहून म्हणाली, “आमच्या टेबलाजवळ ताईंची खुर्ची तशीच ठेवलीय मॅडम. कुणी बसत नाही.”

पल्लवी तळघरात आली. हिरवी पट्टी उजळली होती. तिने खुर्ची ओढली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

थोड्या वेळाने फोन वाजला.

“गुड मॉर्निंग मॅडम,” अथर्व म्हणाला. “अंगठा?”

“लिफ्टमधली ओळ काढा. ताईंचं कार्ड चालू करा आणि पाणी देणं ही चोरी नव्हती असं त्याच पडद्यावर लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि सभागृह बंद. रिकाम्या खुर्च्यांना थंडी वाजतेय.”

“मॅडम, काल एक मागणी, आज चार. हे ब्लॅकमेल झालं.”

“नाही हो. तुमच्याच पोस्टरवर लिहिलंय ते. पाण्याचा जबाबदार वापर.”

पलीकडे कुणीतरी, पंखा मिळेल का, असं विचारत होतं.

“मी... बोलून बघतो,” अथर्व म्हणाला.

“बोला. मी इथेच आहे.”

तिने फोन ठेवला, डबा उघडला, आणि ताईंनी दिलेली भाकरी मोडून सावकाश जेवायला सुरुवात केली.